बिनशिशाचं

ज्योत्सना मारबते सहा वर्षं एका काळ्या थराच्या मागे होती. थर काचेवर असायचा, केसाच्या शंभराव्या भागाहूनही पातळ, आणि त्याच्यावर ऊन पडलं की वीज निघायची. थोडीशी. ती निघावी आणि निघत राहावी, एवढंच तिचं काम. निघत राहणं जास्त कठीण होतं.

भंडाऱ्याला एका कॉलेजाच्या मागच्या इमारतीत ती प्रयोगशाळा होती. नायट्रोजन भरलेली एक बंद पेटी, पुढे काच, काचेतून आत गेलेले दोन काळे रबरी हातमोजे. त्यांत खांद्यापर्यंत हात घालून उभं राहायचं आणि आतल्या चकतीवर द्रावणाचा थेंब टाकायचा. चकती गरगर फिरते, थेंब पसरतो, तापवला की काळा होतो. उन्हाळ्यात हातमोज्यांत घाम साचायचा. संध्याकाळी हात बाहेर काढले की बोटं पांढरी आणि सुरकुतलेली असायची, बुडालेल्या माणसाची असावीत तशी. तिला ती बोटं ओळखीची होती. तिच्या बापाची बोटं बाराही महिने तशीच असत. मनिराम मोहाडीजवळच्या एका गावात तळ्यावर मासे धरायचा.

ज्या स्फटिकांचा तो थर बनतो त्यांना पेरोव्हस्काइट म्हणतात. जगभर त्यांचे सौर घट बनवतात ते बहुतेक शिशाचे. शिसं समजूतदार असतं, कुठेही नीट बसतं, आणि अंगावर पडलेल्या उन्हाचा पाचवा हिस्सा किंवा त्याहूनही जास्त वीज करून परत देतं. फक्त ते विष आहे. घटांच्या पाट्या फुटल्या, पाऊस आला, की ते पाण्याबरोबर मातीत उतरतं. त्याच्या जागी कथील घालता येतं. भांड्यांना कल्हई करतात तेच कथील. पण स्फटिकातल्या कथलाला हवा सोसत नाही. ऑक्सिजन लागला की त्याचा अणू आणखी दोन इलेक्ट्रॉन गमावून बसतो, स्फटिकात रिकाम्या जागा पडतात आणि तयार झालेली वीज त्या जागांमध्येच मरते. मग थर पिवळा पडतो आणि शेवटी काचेवर काही होतं हेही कळत नाही.

शेजारच्या टेबलावर प्रतिक्षा शिशाचे घट करायची. तिचे घट तीन महिने कपाटात पडले तरी चालत.

"तुझं पोट्टं दाराबाहेर पाय ठेवलं की सर्दी होते त्याले," ती म्हणायची. "माझं पाहा, उघडं नागडं फिरते."

"फिरू दे. तुझं पोट्टं ज्याच्या घरी जाईन त्याच्या घरचे मरतीन."

"बाप्पा! येवढा शाप?"

ज्योत्सना हसायची आणि पुन्हा हातमोज्यांत हात घालायची. तिचे पहिले घट जेमतेम तीन टक्के द्यायचे आणि दुपारपर्यंत मरायचे. मग तिनं द्रावणात कथलाचंच फ्लुओरिनवालं मीठ घातलं, म्हणजे हवेशी भांडायला जास्तीचं कथील राहावं. स्फटिकांच्या कडांना लांब रेणूंचं कुंपण घातलं. थर वाळवण्याची गती कमी केली, पुन्हा वाढवली. प्रत्येक बदलाला आठवडे जात, आणि बहुतेक बदल वाया जात. पाचव्या वर्षी घट अकरा टक्क्यांच्या वर गेला. लांजेवार सरांनी, म्हणजे तिच्या मार्गदर्शकांनी, आकडा दोनदा मोजायला लावला आणि मग सगळ्यांना समोसे आणले. समोसा खाताना ते म्हणाले, "एवढी मेहनत शिशावर केली असतीस तर आतापर्यंत डॉक्टर झाली असतीस."

"मला शिशाची अ‍ॅलर्जी आहे सर."

सगळे हसले. तिनंही तोंडाला रुमाल लावला.

तिच्या मोठ्या भावाचं नाव भूपेश. तो दुसरीत असेपर्यंत पाढे म्हणायचा, गावातल्या म्हाताऱ्यांना पेपर वाचून दाखवायचा. त्या वर्षांत मनिराम लाखनीच्या हायवेवरून ट्रकच्या जुन्या बॅटऱ्यांतल्या शिशाच्या पट्ट्या आणायचा. अंगणात चुलीवर लोखंडी पळीत त्या वितळवायच्या, रस मातीच्या खाचेत ओतायचा, थंड झाला की ठोकून जाळ्याच्या कडेचे मणी करायचे. जाळं पाण्यात फेकलं की ह्या मण्यांच्या भारानं ते तळाशी जातं. मणी दोरीवर दाबून बसवायचा तो दातांनी. बापाचे दात पडायला आले होते, म्हणून मणी दाबण्याचं काम भूपेशकडे आलं. त्याला ते आवडायचं. गोडसर लागते म्हणायचा.

तिसरीत त्याच्या पोटात कळा येऊ लागल्या. डॉक्टरांनी जंताच्या गोळ्या दिल्या. चौथीत तो शब्द विसरू लागला, मग पाढे, मग चिडू लागला, मग चिडणंही थांबलं. हात थरथरायचे. मास्तर म्हणाले, पोराचं लक्ष नाही. आई मंदाबाईनं देव केले, मनिरामनं काठी घेतली. तो मोठा झाला, दाढी आली, आणि नऊ वर्षांच्या मुलाइतका राहिला. त्या दिवसांत ज्योत्सना रांगत होती. ती जमिनीवरचे चमकते थेंब उचलायला लागली तेव्हा आईनं तिला मामाकडे पाठवलं, कारण घरात आजारी पोर होतं आणि दोघांकडे पाहणं जमत नव्हतं. ती शिशापासून वाचली ती अशा कारणानं. तिला हे कारण कधी पुरेसं वाटलं नाही.

शिसं शरीरात काय करतं ते तिनं बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षी वाचलं. ग्रंथालयात पान उघडं ठेवून ती बराच वेळ बसली होती. पोटातल्या कळा, हाताची थरथर, सगळं तिथे लिहिलेलं होतं, फक्त भूपेशचं नाव नव्हतं. घरी ती काही बोलली नाही. बोलली असती तर बापाला सांगावं लागलं असतं की तुझ्या पळीतून हे झालं. मनिराम भूपेशला सायकलवर बसवून बाजाराला नेतो, त्याच्या शर्टाची बटणं लावून देतो. त्या माणसाला हे सांगायला तिच्याकडे तोंड नव्हतं. पुढे एकदा तिनं भाजक्या मातीचे मणी आणून दिले, हे नवीन आहेत म्हणाली. मनिरामनं दोन दिवस वापरून पाहिले. "हे तरंगते, बाई," तो म्हणाला. "मासा हासते आमाले." मग जुनंच जाळं निघालं. तिनं शिसं हा शब्दच घरात येऊ दिला नाही. घरात त्याला मणी म्हणत, आणि मणी म्हणजे जाळ्याचे मणी, त्यापलीकडे त्याला नाव नव्हतं.

सहाव्या वर्षी ठरलं की घट बाहेर ठेवायचे. खरं ऊन, खरा पाऊस. अनुदान देणाऱ्यांची अट होती की एक वर्ष बाहेर काढल्यावर घटांनी सुरुवातीच्या पाच हिश्श्यांपैकी चार हिस्से तरी वीज दिली पाहिजे. तसं झालं तर कथलाचं काम पुढे चालेल. नाही झालं तर प्रयोगशाळा शिशाकडे वळेल, तिच्यासकट. सरांनी हे तिला स्पष्ट सांगितलं होतं, रागानं नव्हे, तारीख सांगावी तसं.

तिनं आपल्या गावचं तळं निवडलं. काठावर मच्छीमार सोसायटीची खोली होती, तिच्या स्लॅबवर दिवसभर ऊन आणि रात्रभर ओल. इथे टिकले तर कुठेही टिकतील. तळहाताएवढ्या पाट्या होत्या. प्रत्येक पाटीत दोन काचा, मधे काळा थर, कडेनं डांबरासारखा चिकट काळा पट्टा, हवा आत जाऊ नये म्हणून. सगळं त्या पट्ट्यावर होतं.

राखणीला भूपेश. सकाळी ओल्या फडक्यानं पुसायच्या, वानरं आली तर हाकलायची. मोठा झाल्यावर त्याला कुणी दिलेलं हे पहिलं काम. तो पाट्यांशी बोलायचा. पावसात त्यांच्यावर छत्री धरून उभा राहिला, तेव्हा ज्योत्सनाला फोनवरून ओरडावं लागलं की त्यांना भिजू दे, भिजणं हेच त्यांचं काम आहे.

"सर्दी नाई होत का त्याइले?"

"नाही होत दादा. काच आहे ना वर."

हे ती बोलली होती. काच म्हणाली होती. पुढे तिला ते आठवलं, आणि ते आठवून काही उपयोग नव्हता.

पाऊस गेला. दिवाळी गेली. पाट्या काळ्याच राहिल्या. दर पंधरवड्याला ती यंत्र घेऊन यायची, स्लॅबवर बसून मोजायची. अकराचे साडेदहा झाले होते आणि तिथेच थांबले होते. असं कथील तिनं पाहिलं नव्हतं. लांजेवार सरांनीही नव्हतं. जानेवारीत त्यांनी सांगितलं की अनुदानवाले दोघे जण मधली पाहणी करायला येतायत, गावात, तळ्यावर.

तिनं घरी फोन केला.

"माय, परवा पाहुणे येणार आहेत."

मंदाबाईचा आवाज एकदम खाली आला. "पोराकडचे?"

"नाही व माय. पाट्या पाहायला."

"पाट्या पाहाले कोनी पाहुने येते का? सांग ना, कोन्या गावचे हाये? पोहे करू का शिरा?"

"माय, सरकारचे लोक आहेत."

"सरकारी नोकरी हाये? मंग शिराच करते."

भूपेशनं फोन ओढून घेतला. त्याला सगळं नीट समजून घ्यायचं होतं. ज्योत्सना खूश होती. इतकी खूश की एवढी वर्षं घरात जपून ठेवलेलं मौन तिच्या लक्षात राहिलं नाही. तिनं त्याला मोठ्या माणसासारखं समजावलं. हे लोक लांबून येतायत. त्यांना एकच गोष्ट पाहायची आहे, आपल्या पाट्या बिनशिशाच्या आहेत आणि तरी टिकल्या. तेच आपलं मोठेपण. इतरांच्या पाट्यांत शिसं असतं, आपल्यात कणभर नाही.

"बिनशिशाच्या," भूपेश म्हणाला.

"हो. बिनशिशाच्या."

"अन् शिसा दिसला त?"

"दिसला तर आपली इज्जत गेली," ती हसत म्हणाली.

पाहुण्यांची गाडी सकाळी तळ्यावर लागली तेव्हा सोसायटीच्या खोलीपुढे बरीच माणसं जमली होती. मंदाबाईनं नवं लुगडं नेसलेलं. भूपेशनं केसांना तेल लावून भांग पाडला होता. ज्योत्सना आणि सर पुढे, मागे ते दोघे, एक वयस्कर बाई आणि एक चष्म्यातला तरुण माणूस. शिडीवरून सगळ्यांत आधी ज्योत्सना चढली.

स्लॅबवर पाट्या ओळीनं होत्या. पिवळ्या. काही ठिकाणी हळदीच्या पाण्यासारख्या, कडांना पांढुरक्या. वरची काच एकीवरही नव्हती. कोपऱ्यात गोणपाटावर सगळ्या काचा एकावर एक रचून ठेवलेल्या, धुतलेल्या, स्वच्छ.

"कोणी केलं हे?" सर म्हणाले.

भूपेश शिडीच्या वरच्या पायरीवर उभा होता. त्याला वाटलं शाबासकी मिळायची आहे.

"मी काढलो. काल दिवसभर बसून काढलो. बाच्या सुरीले चुलीवर तपवलो न् कडेकडेनं फिरवलो, तो कारा पट्टा नरम होते. पाहा, एकही नाई फुटला." तो ज्योत्सनाकडे वळला. "खालचा शिसा निंगतच नव्हता व जोसना. कारं त्यालेच चिपकलं हाये. तो रायला. पाहुन्याइले सांग, एकच रायला म्हना."

ज्योत्सनाच्या घरात काच म्हणजे शिसा, आरसाही शिसाच. खिडकीचा शिसा, दिव्याचा शिसा, गाडीचा शिसा. लहानपणी तीही तेच म्हणायची. शिसा फुटला, पाय जपून टाक. भंडाऱ्याला आल्यावर तिच्या जिभेवर काच आली आणि शिसं आलं, आणि ह्या घरातल्या जिभा तिथेच राहिल्या. बिनशिशाच्या पाट्या, आणि प्रत्येकीवर डोळ्यांदेखत दोन दोन शिसे. भूपेशनं ते पाहिलं होतं आणि बहिणीची इज्जत वाचवली होती.

चष्मेवाल्याला आधी समजलं नाही. सरांनी हलक्या आवाजात समजावल्यावर त्याला हसू आलं, ते त्यानं खोकल्यात घातलं. खाली कुणीतरी मोठ्यानं हसलं आणि बातमी पसरली. डोमा म्हणून सोसायटीचा चौकीदार होता, तो ओरडला, "अरे, पाटीचं लुगडंच सोडलं गा ह्यानं!"

मनिराम शिडी चढून वर आला. त्याला पुरतं कळलं नव्हतं, पण पोरानं पोरीचं काहीतरी मोडलं एवढं कळलं होतं. त्यानं भूपेशच्या मानेला धरलं आणि हात उगारला.

"मारू नको बा," ज्योत्सना म्हणाली. "त्याची चूक नाई."

"मंग कोनाची?"

बापाच्या खांद्यावर जाळं होतं. तो पहाटे तळ्यात जाऊन सरळ इकडे आला होता. जाळ्याची कड ओली होती आणि कडेला ते सगळे मणी, झिजलेले, करडे, दातांच्या खुणा असलेले. आता एक वाक्य पुरलं असतं. माणसं जमलीच होती, आणि नाहीतरी काही उरलं नव्हतं. ज्योत्सनानं बापाच्या तोंडाकडे पाहिलं.

"माही," ती म्हणाली. "मी नीट सांगतलं नाई."

मनिरामचा हात खाली आला. भूपेश एकदा बापाकडे, एकदा तिच्याकडे पाहत होता. "चुकलं का?" तो विचारत होता. "जोसना, चुकलं का? परत लावून देऊ का?"

खाली मंदाबाईनं सगळ्यांना शिरा दिला. वयस्कर बाईंनी तो संपवला, चांगला झाला म्हणाल्या. गाडीत बसण्याआधी त्या ज्योत्सनाला बाजूला घेऊन बोलल्या. तुमचे सहा महिन्यांचे आकडे खरे आहेत, मला शंका नाही. पण अट वर्षाची होती. आणि खरं सांगू का, हा अपघात झाला नसता तरी मी विचारलंच असतं, की ज्या वस्तूवरची काच निघाली तर ती एका रात्रीत मरते, ती गावात कशी टिकायची? गावात काच निघतेच. दगड लागतो, वानर येतं, माणूस येतो.

ज्योत्सनाला याचं उत्तर माहीत होतं. उत्तर असं होतं की कथील मेलं तर फक्त कथील मरतं. शिशाच्या पाटीची काच निघाली असती तर भूपेश काल दिवसभर दोन्ही हातांनी काय चिवडत बसला असता? पण भूपेश तीन पावलांवर उभा होता, मनिराम त्याच्या शर्टाचं बटण लावून देत होता, आणि ती म्हणाली, "बरोबर आहे मॅडम."

फेब्रुवारीत सर म्हणाले, नवी खेप लावायला पुन्हा एक पूर्ण वर्ष हवं, ते आपल्याकडे नाही. प्रतिक्षाच्या घटांवर काम कर. तुझं कुंपण, तुझी वाळवण्याची गती, सगळं शिशाला लागू पडेल. तुझी पदवी होईल. ते चांगले बोलले. तिनं एक दिवस मागून घेतला. त्या दिवशी ती कुठे गेली नाही, खोलीवर बसून राहिली. सोडलं तर काय, तेही तिनं पाहिलं. एखाद्या शाळेत तासिकेवर शिकवणं, आणि कथलावरचं हे काम कुणी पुढे नेणार नाही. केलं तर निदान तिचं कुंपण तरी कागदावर राहील, आणि दुसऱ्या कुणाला ते कधी कथलासाठी सापडेल. हा विचार खरा होता की सोयीचा, हे तिनं स्वतःला विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी तिनं शिशाच्या आयोडाइडची बाटली उघडली. पूड झेंडूसारखी पिवळी. शिशाच्या घटांनी नियमाप्रमाणे वीज दिली. पहिल्याच महिन्यात सतरा टक्के.

"आलीस ना सासरी?" प्रतिक्षा म्हणाली. मग तिचं तोंड पाहून आपल्या टेबलाकडे वळली.

ज्योत्सना दुहेरी हातमोजे घालायची, तोंडाला मुसकं बांधायची, प्रयोगशाळेतले कपडे प्रयोगशाळेतच ठेवायची. गावी जायचं असलं की आधी खोलीवर डोक्यावरून अंघोळ. नखं मुळापासून कापलेली. हे पुरेसं असतं, पुस्तकात तसंच लिहिलं आहे. घरी जाणं मात्र कमी झालं. आईला ती काम वाढलं म्हणायची.

चैत्रात ती गेली. तळं आटत होतं, पण मासा बरा निघाला होता. मंदाबाईनं रस्सा केला. भूपेशच्या हातांना थरथर असल्यामुळे त्याला माशाचे काटे निवडता येत नाहीत. ज्योत्सना घरी असली की ती बोटांनी काटे काढते, घासभर मांस त्याच्या ताटात सोडते, तो खातो. मामाकडून परत आली तेव्हापासून हे असंच आहे.

ती रांजणापाशी हात धूत होती. साबण लावून धुतले, पुन्हा साबण लावला.

"किती धुतेस व?" भूपेश आतून ओरडला. "सोन्याचे हायेत का हात?"

ती येऊन बसली. त्यानं सवयीनं ताट तिच्याकडे सरकवलं. ती आपल्या बोटांकडे पाहत राहिली. बोटं स्वच्छ होती.

"माय, तू दे ना काढून," ती म्हणाली.

मंदाबाईनं तिच्याकडे पाहिलं, ताट ओढून घेतलं आणि काटे काढू लागली. मनिराम मान खाली घालून जेवत होता. भूपेशनं ताटाकडे पाहिलं नाही.

"राग हाये अजून?" त्यानं विचारलं.

"नाई गा दादा. कायचा राग?"

"त्या शिश्याचा."

"नाई."

"मंग दे ना तू."

तिनं हात मांडीखाली दाबून धरले. मंदाबाईनं ताट परत त्याच्यापुढे ठेवलं. पांढरं मांस एका बाजूला, काटे दुसऱ्या बाजूला. भूपेशनं ते हलकेच बाजूला सारलं.

"तुहा राग उतरला का सांगजो," तो म्हणाला. "मंग जेवीन."